नाडी ७२ की २००?
वैद्यकीय उपकरणाचे आकडे संगणक कसा वाचतो

बोटाला लावावयाचा तो छोटासा चिमटा तुम्ही पाहिला असेलच. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत तो घरोघरी पोचला. चिमट्यात बोट घातले की थोड्याच वेळात त्यावर दोन आकडे उमटतात. समजा, ते आहेत ९७ आणि ७२. पहिला आकडा रक्तातील हिमोग्लोबिनपैकी शेकडा किती हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे ते सांगतो, तर दुसरा दर मिनिटाला पडणारे नाडीचे ठोके सांगतो. ह्या उपकरणाला पल्स ऑक्सिमीटर म्हणतात. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी जे मोठे यंत्र असते, त्यातही हाच भाग बसवलेला असतो.

हे आकडे आपण डोळ्यांनी वाचतो. परंतु रात्रभर कोण वाचणार? परिचारिका तासातासाने नोंद करील. काही माणसांचा श्वास झोपेत मधूनमधून अडखळतो. त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण एकदोन मिनिटांतच खाली जाऊन पुन्हा वर येते. तासाच्या नोंदीत त्याचा मागमूसही राहत नाही. आठ तासांच्या झोपेत २८,८०० सेकंद असतात. दर सेकंदाचा आकडा हवा असेल तर हे काम संगणकावरच सोपवावे लागते.

पण संगणक उपकरणाच्या काचेकडे पाहत नाही. त्याच्याकडे येते ती फक्त एक तार, आणि त्या तारेत असतो कमीजास्त होणारा विद्युत्‌दाब. त्यातून ‘९७’ आणि ‘७२’ हे आकडे कसे निघतात? आणि ते चुकले तर काय होईल? हे आज आपण पाहू.

आकडा तयार कसा होतो?

प्रथम चिमट्याच्या आत डोकावू. त्याच्या एका बाजूला प्रकाश देणारे दोन बारीक डायोड असतात. एकाचा प्रकाश तांबडा, तरंगलांबी सुमारे ६६० नॅनोमीटर; दुसऱ्याचा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटर. समोरच्या बाजूला बोटातून पार झालेला प्रकाश मोजणारा घटक असतो. प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते. प्राणवायू गमावलेले हिमोग्लोबिन तो जास्त शोषते. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत प्रकार थोडासा उलटा असतो.

आता अडचण अशी की बोटात कातडी, हाड, स्नायू हेही आहेत आणि तेही प्रकाश शोषतात. मग रक्ताचा वाटा वेगळा कसा काढावयाचा? जपानमधील निहोन कोहडेन ह्या कंपनीतील अभियंते ताकुओ आओयागी १९७० नंतरच्या सुरुवातीच्या काळात एका निराळ्याच प्रयोगात गुंतले होते. रक्तात सोडलेला रंग कसा पातळ होत जातो, हे कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते मोजत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांच्या आलेखात सारखे हेलकावे येत आणि मापन बिघडे. हे हेलकावे घालवण्याच्या खटपटीत असताना त्यांच्या लक्षात आले की हेलकावे फक्त धमनीतल्या रक्तामुळे येतात; हाड आणि कातडी काही ठोक्याबरोबर जाडबारीक होत नाहीत. म्हणजे ज्याला आपण अडथळा समजत होतो तोच नेमका उपयोगी! दोन्ही प्रकाशांतील हेलकाव्यांची तुलना केली की धमनीतल्या रक्तातील प्राणवायूचा अंदाज येतो. १९७४ साली त्यांनी ही कल्पना शास्त्रज्ञांपुढे मांडली. आजचा प्रत्येक पल्स ऑक्सिमीटर ह्याच तत्त्वावर चालतो.

चिमट्यातील सूक्ष्म संगणक हे गणित करतो आणि त्याच्या स्मृतीत ९७ हा आकडा तयार होतो. आता तो बाहेर पाठवावयाचा आहे.

एका तारेवरून, एकामागून एक

संगणकाच्या जगात ९७ ही संख्या फक्त ० आणि १ ह्या दोन अंकांत लिहितात. ६४ + ३२ + १ = ९७, म्हणून आठ स्थानांत ती ०११००००१ अशी होते. प्रत्येक स्थानाला बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला बाइट. आठ बिट एकदम पाठवावयाचे तर आठ तारा लागतील. त्याऐवजी एकाच तारेवरून ते एकापाठोपाठ एक पाठवता येतात. एस.टी.च्या एकाच दारातून उतारू एकामागून एक उतरतात ना, तसेच. संगणकाच्या ज्या जोडणीतून असा माल एकेरी रांगेने ये-जा करतो तिला सिरियल पोर्ट म्हणतात.

ह्या जोडणीचे आरएस-२३२ नावाचे मानक अमेरिकेत १९६० साली निघाले. त्यानुसार –३ ते –१५ व्होल्ट म्हणजे १ आणि +३ ते +१५ व्होल्ट म्हणजे ०. ऋण म्हणजे एक आणि धन म्हणजे शून्य, हे थोडे उलटे वाटते खरे. पण दोन्ही टोकांनी तसेच मानले की झाले. –३ आणि +३ यांच्या मधला दाब मात्र कशातच धरत नाहीत. शेजारच्या पंख्यामुळे वा दिव्यामुळे तारेत थोडाफार दाब उमटला तरी १ चा ० होऊ नये, म्हणून ही मोकळी जागा सोडली आहे. नऊ टाचण्यांच्या जोडणीत संगणक दुसऱ्या टाचणीवर ऐकतो, तिसऱ्या टाचणीवर बोलतो, आणि पाचवी टाचणी दोघांची सामाईक भूमी असते. एवढ्या तीन तारांवर संभाषण चालू शकते.

आजच्या घरगुती संगणकांवर ही नऊ टाचण्यांची जोडणी सहसा दिसत नाही. तिची जागा यूएसबीने घेतली आहे. तरीही यूएसबीच्या तारेत बसवलेली एक छोटी चकती दोन्ही बाजूंमध्ये दुभाष्याचे काम करते आणि संगणकातील प्रोग्रॅमला पूर्वीसारखा सिरियल पोर्टच दिसतो. अनेक वैद्यकीय उपकरणे आजही ह्याच रीतीने बोलतात.

घड्याळ पाहून वाचावयाचे

समजा, तारेवर १, ०, ०, ०, ० असे बिट आले. चार शून्ये म्हणजे दाब तसाच राहणार. मग शून्ये चार होती की पाच, हे कसे ओळखावयाचे? अर्थात वेळ मोजून. एका सेकंदात किती बिट जातील हे दोन्ही टोकांनी आधी ठरवून घ्यावे लागते. हा वेग बॉड ह्या एककात सांगतात. फ्रान्सचे तारयंत्र अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून ते पडले. वेग १९,२०० असेल तर एका बिटाला १ ÷ १९,२०० सेकंद, म्हणजे सुमारे ५२ मायक्रोसेकंद मिळतात.

पण मोजायला सुरुवात कधी करावयाची? ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे. तारऑफिसातील टेलिप्रिंटर ती वापरीत. (आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण तिची युक्ती अजून कामावर आहे!) तार रिकामी असते तेव्हा तिच्यावर सतत १ असतो. बाइट पाठवण्यापूर्वी उपकरण एक ० पाठवते. हा आरंभीचा बिट. तो दिसताच संगणक आपले घड्याळ सुरू करतो, दीड बिटाइतका वेळ थांबतो आणि पहिल्या बिटाच्या बरोबर मध्यावर तारेकडे पाहतो. पुढे एकेका बिटाच्या अंतराने पाहत जातो. मध्यावर का? कडेला पाहिले आणि घड्याळ किंचित मागेपुढे असले तर शेजारचा बिट वाचला जाईल, म्हणून.

आठ बिटांनंतर अनेकदा एक तपासणीचा बिट असतो. विषम तपासणी ठरली असेल तर आठ बिट आणि हा नववा मिळून १ ची संख्या विषम यायला हवी. ९७ मध्ये १ तीनदा येतो. तीन ही संख्या विषमच आहे, म्हणून तपासणीचा बिट ०. वाटेत एखादा बिट उलटला तर १ ची संख्या सम होईल आणि चूक पकडली जाईल. दोन बिट उलटले तर मात्र पकडली जाणार नाही, हेही लक्षात ठेवा. शेवटी १ हा अखेरचा बिट येतो आणि तार पुन्हा विश्रांती घेते.

सर्वांत लहान स्थानाचा बिट आधी जातो. म्हणून ९७ तारेवरून असा जाईल:

० – १ ० ० ० ० १ १ ० – ० – १

एकूण अकरा बिट. त्यांना १९,२०० च्या वेगाने सुमारे ५७३ मायक्रोसेकंद लागतात.

९७ म्हणजे नक्की काय?

आता संगणकाच्या हाती ९७ आले. काम संपले का? मुळीच नाही. ९७ म्हणजे काय, हे ९७ ला माहीत नसते! ते प्राणवायूचे प्रमाण असू शकेल, नाडीचे ठोके असू शकतील. अक्षरांसाठी आस्की नावाची जी संकेतावली आहे तिच्यात तर ९७ म्हणजे रोमन लिपीतील लहान ‘ए’ हे अक्षर. काही उपकरणे ‘९’ आणि ‘७’ ही चिन्हेच अक्षरांसारखी पाठवतात. मग तारेवरून ५७ आणि ५५ असे दोन बाइट येतात. तार फक्त बिट वाहून नेते. अर्थ तारेत नसतो. तो दोन टोकांमधल्या करारात असतो. हा करार उपकरण बनवणारा लिहून देतो आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो अक्षरशः पाळावा लागतो.

बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या एका प्रकारातला करार पाहू. हे उपकरण सेकंदाला ६० वेळा पाच पाच बाइटांची एक पुरचुंडी पाठवते. तिच्यातील मांडणी अशी:

पहिला बाइट: पुरचुंडीची सुरुवात आणि संदेश किती जोरकस आहे ते.
दुसरा बाइट: नाडीच्या लाटेची त्या क्षणीची उंची.
तिसरा बाइट: पडद्यावरच्या उभ्या पट्टीची उंची आणि आणखी एक बिट (तो कशासाठी, ते पुढे येईलच).
चौथा बाइट: नाडीचे ठोके.
पाचवा बाइट: प्राणवायूचे शेकडा प्रमाण.

सेकंदाला ६० × ५ = ३०० बाइट, म्हणजे ३०० × ११ = ३,३०० बिट. तार १९,२०० बिट नेऊ शकते, तेव्हा वाट मोकळीच राहते. आठ तासांत मात्र ८६,४०,००० बाइट जमतात.

समजा, आपण तार मध्येच जोडली. पहिला हाती आलेला बाइट पाचांपैकी कितवा, हे कसे कळणार? त्यासाठी एक साधी खूण आहे. फक्त पहिल्या बाइटाचा सर्वांत मोठा, म्हणजे १२८ किमतीचा बिट १ असतो. बाकी चारांचा तो नेहमी ० असतो. म्हणून १२८ किंवा त्याहून मोठी संख्या दिसली की तेथून पुरचुंडी सुरू झाली असे समजावे आणि त्याआधीचे बाइट सोडून द्यावेत. एखादा बाइट वाटेत हरवला तरी पुढच्या पुरचुंडीपाशी गाडी पुन्हा रुळावर येते.

एका विसरलेल्या बिटाची किंमत

आता खरी मौज पाहा. ह्या खुणेसाठी आपण प्रत्येक बाइटाचा एक बिट खर्च केला. उरलेल्या सात बिटांत ० ते १२७ एवढ्याच संख्या मावतात. प्राणवायूचे प्रमाण १०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे त्याला सात बिट पुरतात. पण नाडीचे काय? धावून आलेल्या मुलाची नाडी सहज १४० असते आणि हृदयाच्या काही विकारांत ती २०० पर्यंतही जाते. म्हणून नाडीचा आठवा बिट, १२८ किमतीचा, तिसऱ्या बाइटात ६४ च्या स्थानावर ठेवला आहे. तिसऱ्या बाइटातला तो ‘आणखी एक बिट’ हाच.

पुढील दोन पुरचुंड्या पाहा:

१३३, ४८, ७, ७२, ९७
१३३, ४८, ७१, ७२, ९७

पहिल्या पुरचुंडीत तिसरा बाइट ७ आहे. त्यात ६४ नाही, म्हणून नाडी ७२. दुसरीत तिसरा बाइट ७१, म्हणजे ६४ + ७. येथे तो बिट १ आहे, म्हणून नाडी १२८ + ७२ = २००!

समजा, प्रोग्रॅम लिहिणारा चौथाच बाइट वाचून मोकळा झाला आणि तिसऱ्यातला बिट विसरला. स्वतःच्या बोटावर, मित्राच्या बोटावर त्याने तपासून पाहिले. ६८, ७२, ८० असे सगळे आकडे बरोबर आले. मग तो प्रोग्रॅम रुग्णाच्या उशाशी गेला. एके रात्री रुग्णाची नाडी २०० झाली आणि संगणकाच्या पडद्यावर ७२ उमटले. नाडी १४० झाली असती तर १२ उमटले असते आणि कोणालाही शंका आली असती. पण ७२? ह्याहून निर्धास्त करणारा आकडा कोणता? तार शाबूत, वेग बरोबर, तपासणीचा बिट बरोबर. एकही बिट वाटेत बिघडलेला नाही. तरीही उत्तर चूक, आणि तेही नेमके ज्या क्षणी डॉक्टरांना धावून यायला हवे त्या क्षणी.

म्हणून चाचणी घेताना नेहमीच्या आकड्यांवर समाधान मानू नये. १२७ आणि १२८ यांसारख्या उंबरठ्यावरच्या संख्या मुद्दाम पाठवून पाहाव्यात. गणिताचे शिक्षक ‘टोकाची उदाहरणे करून पाहा’ असे का सांगतात, ते आता ध्यानात आले ना?

‘शून्य’ आणि ‘ठाऊक नाही’

आणखी एक सापळा आहे. झोपेत रुग्णाच्या बोटावरून चिमटा निसटला तर उपकरणाने काय पाठवावे? ० पाठवले तर नाडी थांबल्यासारखे होईल. काही उपकरणे अशा वेळी प्राणवायूच्या जागी १२७ पाठवतात. शेकडा १२७ हे अशक्य आहे, म्हणूनच तो आकडा निवडला. त्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’. प्रोग्रॅमला हे सांगितले नाही तर तो निमूटपणे त्याचीही सरासरी काढील. समजा, दहा आकड्यांपैकी नऊ ८८ आहेत आणि एक १२७. सरासरी येईल ९१.९. खालावलेली प्रकृती कागदावर सुधारलेली दिसेल! मोजमाप न होणे आणि मोजमाप शून्य येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रयोगवहीतही रिकामी जागा ० ने भरू नये, ती ह्याच कारणाने.

तारेतून आकडे यावेत, वीज जाऊ नये

उपकरण रुग्णाच्या अंगाला चिकटलेले, आणि संगणक भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर. मध्ये तांब्याची तार. संगणकात बिघाड झाला तर वीज त्याच तारेने रुग्णापर्यंत पोचेल. म्हणून रुग्णालयातील जोडणीत एक खंड ठेवतात. तारेच्या ह्या टोकाला प्रकाश देणारा डायोड, त्या टोकाला प्रकाश ओळखणारा घटक, आणि मध्ये वीज न वाहणारा पदार्थ. बिट प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातात. वीज अलीकडेच थांबते. हृदयाशी थेट जोडलेल्या उपकरणातून नेहमीच्या स्थितीत रुग्णाकडे १० मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह झिरपू नये, इतका कडक नियम आयईसी ६०६०१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग. ह्यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: रुग्णाला लावलेल्या कोणत्याही उपकरणाला आपली तार जोडण्याचा प्रयोग कधीही करू नये.

करून पाहा

तार नसतानाही ही रीत तुम्हांला वर्गात करून पाहता येईल. एका मित्राच्या हाती विजेरी द्या. पेटलेली विजेरी म्हणजे १, विझलेली म्हणजे ०, आणि प्रत्येक बिटाला दोन सेकंद. सुरुवातीला विजेरी पेटती ठेवावी. ती विझताच तुमचे घड्याळ सुरू करा आणि ३, ५, ७ असे करत १७ व्या सेकंदापर्यंत आठ बिट लिहा. १९ व्या सेकंदाला तपासणीचा बिट आणि २१ व्याला अखेरचा १ यायला हवा. मग मित्राचे मोजणे मुद्दाम थोडे जलद करा आणि किती टक्के फरकापर्यंत निरोप बिनचूक पोचतो ते शोधा. अखेरचा बिट साडेदहा बिटांनंतर वाचला जातो आणि अर्ध्या बिटाहून जास्त घसरण चालत नाही, एवढे धरले तर उत्तर पाच टक्क्यांच्या किंचित खाली यायला हवे.

आणि हे एक कोडे. तार मध्येच जोडल्यावर पुढील बाइट आले:

८, ९५, १३०, ६१, ६९, ८, ९५, १३०

नाडी किती आणि प्राणवायूचे प्रमाण किती? ‘८ आणि ९५’ असे उत्तर आले असेल तर तिसऱ्या बाइटाकडे पुन्हा एकदा नीट पाहा. बरोबर उत्तर आहे १३६ आणि ९५.

पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी डॉक्टर, कोणी परिचारिका. पडद्यावर आकडा दिसला की तो डोळे मिटून खरा मानण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आकडा कोणत्या वाटेने, कोणत्या करारानुसार आला, एवढे विचारण्याची सवय आतापासूनच लावून घ्या. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस झोपलेला असतो.